फोन का आला नाही, एवढं तरी कळू द्या

मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोल्हापूर
यांस सविनय नमस्कार.

हे पत्र कारागृह खात्याला जायला हवं होतं, असं पुष्कळांना वाटेल. तिकडंही अर्ज गेलेत, पुढंही जातील. पण अर्ज एका बंद्याचा आणि एका कारागृहापुरता असतो. माझं म्हणणं तेवढ्यापुरतं नाही, म्हणून माझा भाऊ ज्या तुरुंगात आहे त्याचं नाव इथं लिहीत नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे, एमसीआरमध्ये, म्हणजे न्यायालयीन कोठडीत, आणि खटला अजून उभा राहायचा आहे. तुम्हाला लिहिण्याचं कारण असं की तुमची माणसं गेटच्या आतही जाऊ शकतात आणि बाहेर आमच्या दारापर्यंतही येऊ शकतात. दोन्हीकडं पोचणारं दुसरं सरकारी कार्यालय मला तरी माहीत नाही.

माझं झेरॉक्स, रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. भाऊ आत गेल्यावर ई-मुलाकतचा, म्हणजे तुरुंगातल्या माणसाच्या भेटीसाठीचा ऑनलाइन फॉर्म भरायला शिकले. मग मागच्या गल्लीतल्या एका मावशींचा भरून दिला, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं, आणि आता गगनबावड्यापासून कागलपर्यंतची माणसं 'तुरुंगाचा फॉर्म भरणारी ताई' कुठं बसते ते विचारत येतात. मिरवावी अशी ही पदवी नाही, पण असो. आतल्या माणसाला त्याच्या पाळीला, आधी मंजूर करून घेतलेल्या घरच्या नंबरावर फोन करू देतात. फॉर्मपेक्षा जास्त वेळा कानावर पडतं ते एकच वाक्य, "ताई, ह्या आठवड्याला फोन आला न्हाई." परवा एक म्हातारी म्हणाली, "म्या सकाळधरनं फोन वटीत घेऊन बसलोय, जेवायलाबी उठलो न्हाई."

असा फोन हातात घेऊन कारण शोधायचं म्हणजे अर्धं काम दुकानदाराचं असतं आणि अर्धं कुणाचंच नसतं. आधी दुकानदाराचं सांगते.

बहुतेक वेळा घोळ घरच्या सिमकार्डात निघतो. प्रीपेडची मुदत संपली की आता जाणारे कॉल तर बंद होतातच, पण येणारेही बंद होतात. पूर्वी तसं नव्हतं. मिस्ड कॉलच्या काळात शून्य बॅलन्सवर वर्षभर फोन यायचे आणि जुन्या माणसांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. "मला कुटं फोन करायचाय, मला येतोय की," असं म्हणत रिचार्ज पुढं ढकललं जातं. तिकडं पोरगा रांगेत उभा राहून नंबर लावतो, त्याला कसलीतरी इंग्रजी-हिंदी टेप ऐकू येते आणि त्याची पाळी संपते. तीन महिने, म्हणजे ९० दिवस, सिम वापरलंच नाही तर कंपनी तो नंबर बंद करू शकते आणि पुढं दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. एका घराचं तसंच झालं होतं. आत मंजूर असलेला नंबर पोरानं लावला आणि पलीकडून कोण तरी परका माणूस "कौन बोल रहा है" विचारायला लागला. आई मेली की काय, असं त्या पोराच्या मनात आलं असणार. आई घरीच होती, हातात नवं सिम घेऊन.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला लावले. त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. बटणाच्या फोनवाल्या आईला रोजचा डेटा घेऊन काय करायचंय? पण हे पॅक आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं, कारण दुकानदार ते दाखवत नाही. मी स्वतः दुकानदार आहे, कुठल्या पॅकवर किती सुटतं ते मला सांगायला नको.

दुसरी अडचण अनोळखी नंबराची. नव्या फोनमध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय असते. नातवानं आजीच्या भल्यासाठी ती चालू करून ठेवलेली असते आणि आजीला त्याचा पत्ताही नसतो. कॉल कुणाचा आहे ते सांगणारं अ‍ॅप टाकलेलं असेल तर तुरुंगाचा नंबर 'स्पॅम' म्हणून लाल रंगात येऊ शकतो, कारण दहा घरांनी तो कापलेला असतो. शिवाय सायबर चोरांपासून सावध राहा, असं मध्यंतरी फोन लावताना रोज कानात सांगितलं जायचं. सांगणं बरोबरच होतं. पण आम्ही ज्याची वाट बघतो तो फोनही अनोळखी नंबरावरूनच येतो, आणि चुकला म्हणून उलटा लावावा तर लागत नाही.

तिसरी, पाळीची. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत पुष्कळ ठिकाणी मोबाइल आत नेऊ देत नाहीत. नवरा आत गेलेला, बायको कारखान्यात पहिल्या पाळीला, मोबाइल गेटवर जमा. त्याची फोनची वेळ तिथल्या नियमानं ठरलेली आणि हिची पाळी सुपरवायझरनं. चार महिने दोघं एकमेकांना चुकवतात. तिला दुसरा नंबर, सासूचा किंवा शेजारणीचा, मंजूर करून घ्यायचा असतो. मग सिम कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न येतो. आमच्याकडं अर्ध्या सिमकार्डांवर भाच्याचं, दिराचं नाही तर गावातल्या सिमवाल्याचंच नाव असतं, तेव्हा तो प्रश्न काही छोटा नाही.

इथंपर्यंत मी निस्तरू शकते. रिचार्ज मारते, सेटिंग बदलते, ब्लॉक लिस्ट बघते, नंबर 'तुरुंग' न लिहिता 'दादा' नावानं सेव्ह करून देते, म्हणजे शेजारणीनं स्क्रीन बघितली तरी बोभाटा नको. मंजूर फोनवर आलेला कॉल तिसऱ्याला जोडून देऊ नका, हेही आवर्जून सांगते. पोरीला पण बोलायचंय म्हणून लोक साधेपणानं कॉन्फरन्स करायला जातात आणि व्यवस्थेच्या नजरेत तो संशय ठरतो.

त्यापुढचं कुणाच्याच हातात नाही. फोन नीट आहे, रिचार्ज आहे, रेंज आहे, तरी फोन नाही. मग आत काय झालं असेल? कार्डातले पैसे संपले असतील. मनीऑर्डर पोचली असेल पण त्याच्या खात्याला चढायची असेल. मशीन बंद असेल. त्याची पाळी होती त्याच दिवशी त्याला तारखेला नेलं असेल. बराक बदलली असेल. शिक्षा म्हणून सवलत काढली असेल. दवाखान्यात असेल. दुसऱ्या कारागृहात वर्ग केलं असेल आणि तिथं नंबर पुन्हा पहिल्यापासून मंजूर करून घ्यायचा असेल. किंवा, हेही घडतं, तो रागावला असेल आणि त्यालाच बोलायचं नसेल. यातली बहुतेक कारणं किरकोळ आहेत. पण घरच्यांना यातलं कुठलं हे कळत नाही, म्हणून ती सगळ्यात वाईट तेवढंच धरून बसतात.

आमच्याच बाबतीत सांगायचं तर नंबर बदलल्यावर रीतसर अर्ज दिला, आधारची झेरॉक्स जोडली. पोच मागितली तर पोच देत नाही म्हणाले. नंतर विचारायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडं बोट करायचा. कित्येक आठवड्यांनी वकिलांच्या कारकुनाकडून कळलं की अर्जाचं मागचं पान कुठंतरी गहाळ झालंय. एवढंच होतं. तोवर माझ्या आईनं आत त्याला मारहाण झाली असणार असं मनाशी पक्कं केलं होतं, आणि ती समजूत काढायला फोन सुरू झाल्यावरही फार वेळ लागला. "तू खरं सांगत नाहीस," असं ती त्यालाच म्हणायची.

अशा फटीतून दलाल शिरतात. "तुमच्या पोराला आत त्रास आहे, ह्या नंबरवर पैसे टाका, मी बघतो," असा फोन येतो. नाव, गाव, कलम सगळं बरोबर सांगतात. भेदरलेला बाप पैसे टाकतो आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार करायचीही त्याला लाज वाटते, कारण तक्रारीत मुलगा कुठं आहे ते लिहावं लागणार. दुसरी वाट चोरट्या मोबाइलची. कारागृहात मोबाइल सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. 'आतल्या फोनला' रिचार्ज मारून दे म्हणून आलेल्याला मी दुकानातून परत पाठवलंय आणि असा संपर्क १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून गुन्हा आहे, त्या कायद्याच्या कलम ४२ मध्ये सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा लिहिलेली आहे, हेही सांगितलंय. पण मला विचाराल तर जिथं सरळ मार्गाचा फोन वेळेवर लागतो तिथं त्या चोरट्या फोनची निम्मी गिऱ्हाइकं आपोआप कमी होतील. तपासणी वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

आता पुराचं. हे कोल्हापूरबाहेरच्या अधिकाऱ्याला पटकन समजायचं नाही, तुम्हाला समजेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. आता विचार करा, चिखली नाही तर आंबेवाडीचा माणूस लांबच्या तुरुंगात बसलाय आणि बराकीतल्या टीव्हीवर महामार्गावर चढलेलं पाणी दाखवतायत. घर बुडालं की राहिलं, म्हशी सोडल्या की गोठ्यातच आहेत, आई कुठल्या शाळेत नेऊन ठेवली, त्याला काहीच ठाऊक नाही. इकडं घरची माणसं कुठल्यातरी मंगल कार्यालयात, मंजूर नंबराचा फोन एक तर भिजलेला नाही तर चार्जिंगविना. राधानगरी, गगनबावड्याकडं तर पूर नसतानाही मोठ्या पावसात लाइट गेली की मागोमाग टॉवर जातो. पुराच्या त्या दिवसांत आतल्या माणसाला फोन मिळाला तरी तो लावणार कुणाला?

२०२० मध्ये करोनामुळं तुरुंगातल्या मुलाखती, म्हणजे घरच्यांच्या भेटी, बंद पडल्या तेव्हा व्हिडिओ कॉलची वाट काढली गेलीच ना? मग पुरासाठीही काढता येईल. स्थलांतरित कुटुंबांच्या याद्या तहसीलकडं असतात. ज्या घरातलं माणूस तुरुंगात आहे त्यांनी छावणीत तुमच्या स्वयंसेवकाकडं नाव द्यायचं आणि 'घरचे सुखरूप, अमुक शाळेत' एवढा एका ओळीचा निरोप त्या कारागृहाच्या विधी सहाय्य केंद्राकडं जायचा. त्याला फोनही लागत नाही, ई-मेल पुरतो. पाणी चढायच्या आधी, म्हणजे जूनमध्येच, याची तयारी करून ठेवली तर.

फोन म्हणजे लाड, सवलत, असं मानणारे लोक आहेत. माझ्या नात्यातही आहेत. त्यांना मी आकडा सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे शंभरातली पंचाहत्तरच्या वर. यांच्यावर दोष सिद्ध झालेला नाही. यांना वकील ठरवायचाय, जामीनदार शोधायचाय, त्याचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला काढून आणायचाय. ही सगळी कामं बाहेर घरच्या बायका करतात आणि कुणाकडं जायचं हे आतून फोनवर सांगितलं जातं. "पाव्हण्याकडं जा, त्यो न्हाई म्हणणार न्हाई," एवढं एक वाक्य वेळेवर पोचलं नाही म्हणून मंजूर झालेला जामीन कागदावर पडून राहतो.

कायदा तुम्हाला मी शिकवणं बरं दिसत नाही, पण पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांत बंद्यांचे घरचेही असतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. कुटुंबाची आणि वकिलाची भेट हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलीन प्रकरणात म्हटलं. ती बाई स्थानबद्ध होती, लहान मुलीला महिन्यातून एकदाच भेटू देत होते, आणि न्यायालयानं ते बंधन मोडीत काढलं. त्याच्या आधी १९७९ चं सुनील बत्रा प्रकरण आहे. तिहारमधल्या कैद्यानं सोबत्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना साधं पत्र लिहिलं आणि त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. हे दोन्ही निकाल आले तेव्हा तुरुंगात फोनचा विषय नव्हता. पण केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनं पैसे भरून घरच्यांशी आणि वकिलाशी फोनवर बोलू द्यायची सोय धरलेली आहे. ज्याचं माणूस दोन-तीन जिल्हे पलीकडं आहे आणि ज्याला एसटीच्या भाड्याचा नि बुडालेल्या रोजाचा हिशेब करावा लागतो, त्याची खरी मुलाखत फोनवरच होते.

आणि तुमच्याकडं यायचं नेमकं कारण हे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जामीन मिळून सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, मग सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण काय ते बघावं. म्हणजे आतली अडचण बाहेर कळवायची वाट तयार आहे आणि तुमच्याच टेबलावरून जाते. मला त्याच वाटेनं आणखी एक छोटी गोष्ट जायला हवी आहे.

मी कॉल जोडून द्या म्हणत नाही. वेळ वाढवा, मिनिटं वाढवा, हे मागणारे दुसरे आहेत, त्यांनी मागावं. मला एवढंच हवंय की फोन आला नाही तर तो का आला नाही, याचं उत्तर घरच्यांना दोन दिवसांत मिळावं. न्यायसंकुलातल्या तुमच्या कार्यालयात एक माणूस, आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, एक तास. घरच्यांनी बंद्याचं नाव आणि कारागृह सांगायचं, त्या माणसानं तिथल्या विधी सहाय्य केंद्राला विचारायचं आणि उत्तर आणून द्यायचं: नंबर, पैसे, मशीन, बदली, दवाखाना, शिक्षा, का त्याचीच इच्छा नाही. उत्तर एका शब्दाचं चालेल. बंद्याची हरकत असेल तर 'तब्येत ठीक आहे' एवढंच सांगावं, आम्ही खोदून विचारणार नाही. सुरक्षेला यानं धक्का बसतो असं मला दिसत नाही. कुठल्या बराकीत आहे, कुणाबरोबर आहे, हे कुणी विचारतच नाही.

ज्या नंबरांवरून कॉल येतात ते नंबर कारागृहाच्या बाहेरच्या फलकावर आणि तुमच्याही फलकावर लिहावेत, ही दुसरी विनंती. त्यावर उलट कॉल लागत नाही, मग लपवायचं काय? ते सेव्ह केलेले असले तर वर सांगितलेल्या अडचणींतली एक मुळातच जाते. आणि नंबर मंजूर करायच्या किंवा बदलायच्या अर्जाला तारखेची पोच द्यावी, नामंजूर केला तर का ते लिहून द्यावं, आणि एक पर्यायी नंबर ठेवू द्यावा, असं तुम्ही आपल्या पत्रावर कारागृहांना सुचवलंत तर त्याला वजन येईल. आम्ही सांगितलं तर "वरून आदेश नाही" हे ठरलेलं उत्तर आहे.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या जिल्ह्यातल्या तुरुंगाचं कोल्हापूरच्या प्राधिकरणानं का बघावं? ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं बसतं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची माणसं जामिनाच्या कामाला आता मुंबईऐवजी इथं येतात. परवाच देवगडकडचे एक काका वकिलांकडं कागद द्यायला आले आणि झेरॉक्स काढता काढता तोच प्रश्न विचारून गेले. इतक्या वर्षांच्या आंदोलनानं बेंच आलं, तर त्याच्याबरोबर हे एक टेबलही इथंच सुरू व्हावं, त्यात वावगं काय आहे?

तोवर ज्यांचा फोन अडकलाय त्यांनी १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करावा असं मी सांगते. पण आज तिथं 'फोन येत नाही' ही तक्रार कशाखाली लिहायची, हे सांगणाऱ्यालाही नीट कळत नाही नि ऐकणाऱ्यालाही. तुमच्या कार्यालयानं त्यासाठी एक रकाना पाडला तरी कामाला सुरुवात होईल.

अर्जाचा एक पानी मराठी नमुना मी टाइप करून ठेवलाय. बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, कारागृह, जुना नंबर, नवा नंबर, सिम कुणाच्या नावावर, नातं, आणि खाली पोचेसाठी कापून द्यायची पट्टी. तुमच्या शिक्क्यानं तो चालणार असेल तर पहिल्या काही शंभर प्रती माझ्या दुकानातून फुकट देईन. भेटीची वेळ द्याल तेव्हा नमुना घेऊन येते. बरोबर दोन-तीन बायकाही असतील. त्यातल्या दोघी पहिल्या पाळीच्या आहेत, तेव्हा वेळ दुपारी चारनंतरची दिलीत तर बरं होईल.

आपली,
एका न्यायाधीन बंद्याची बहीण,
कोल्हापूर